हलेल त्याचा उजेड

मालोजीने फोनवर तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारला, तेव्हा मुरारीच्या कपाळाला घाम फुटला.

"घर, शेती, म्हशी, ते सगळं आल्यावर बघू पाव्हणं," मालोजी पलीकडून बोलला. "लाईट हाय ना, तेवढं सांगा."

"हाय की!"

"नक्की हाय?"

"आता काय सांगू तुम्हाला! चोवीस तास हाय!"

"नाय, कसं हाय, लाईट नसली तर आम्ही येऊन…"

एवढ्यावर फोन तुटला. मुरारीने तो कानापासून लांब धरून बघितला. कापडे गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या त्या वाडीची डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, उडून पंधरवडा होत आला होता. अख्ख्या वाडीत तो एकच फोन जिवंत होता, तोही मुलाने मुंबईहून आणलेल्या पॉवर बँकेवर. वायरमनला विचारलं की तो "उद्या" म्हणायचा. तो खोटं बोलत होता असं म्हणता येणार नाही. कुठला उद्या, हे त्याने कधी सांगितलंच नव्हतं.

"काय बोलले?" चुलीपुढून ठमाबाईने, म्हणजे मुरारीच्या बायकोने विचारलं.

"लाईट नसली तर येणार नाय बोलले. आणि फोन आपटला."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"चोवीस तास हाय सांगितलं."

"अवो, आपल्याकडं अंधारसुद्धा चोवीस तास नसतो!"

प्रश्न त्यांच्या एकुलत्या एका मुलाच्या, साहिलच्या लग्नाचा होता. साहिल विक्रोळीला कुरिअर कंपनीत कामाला. मुलगा निर्व्यसनी, दिसायला बरा, आणि तरी त्याच्या दोन सोयरिकी लाईटीवरून मोडल्या होत्या. पहिल्या वेळी मुलीच्या काकाने पंख्याकडे बघत दोन कप चहा संपवला. पंखा काही फिरला नाही, काका मात्र फिरला. दुसऱ्या वेळी ऐन जेवणात लाईट गेली आणि मुलीच्या आईने अंधारात मिरचीचा ठेचा भाजी समजून घासभर खाल्ला. त्यांचा निरोप बोलून नव्हे, ठसक्यातूनच मिळाला.

आणि आता आंबेनळी घाटातली सेजल, मालोजीची मुलगी. सेजल पोलादपूरला औषधांच्या दुकानात कामाला होती. पहिल्याच भेटीत तिने साहिलला विचारलं होतं, "मुंबईला काय करता ते कळलं. पण तुम्हाला येतं काय?" तेव्हापासून साहिल दुसऱ्या कुठल्या मुलीचं नाव काढू देत नव्हता. लग्नानंतर सेजल गावीच राहून नोकरी करणार होती, म्हणून मुलीकडचे घर बघायला येणार होते. तीही येणार होती. राहायचं मला, मग बघणार दुसरेच कशाला, असं तिचं म्हणणं.

"पप्पा, टेन्शन नको," साहिल बोलला. "महाडला जा. सोलर आणू. एकदम ओके सेटिंग करतो."

---

महाडच्या बाजारपेठेत तुडील गावच्या जुल्फिकारचं सोलरचं दुकान होतं. बारा वर्षं कुवेतला काढून तो परत आला होता. "तिथं ऊन पण होतं आणि लाईट पण होती," तो गिऱ्हाइकाला सांगायचा. "इथं ऊन आहे आणि लाईट नाही. मग सांगा, धंदा कुठं करायचा?"

"जुल्फीशेठ, चार दिवे द्या. उद्या पाव्हणे येतात," मुरारीने घाईघाईने सांगितलं.

"मुरारीभाऊ, साधे दिवे संपले हो. तुमची डीपी उडाली आणि माझं दुकान रिकामं झालं. त्या डीपीचे माझ्यावर फार उपकार आहेत."

"मग ते काय हाय मागं?"

जुल्फिकारने मागे वळून बघितलं. फळीवर तीन काळे, चौकोनी डबे होते. "ते तुमच्या कामाचे नाहीत. ते डुकरांसाठी आहेत."

"डुकरांसाठी?"

"रानडुकरं शेतात येतात ना, तिथं खांबावर लावायचे. डुक्कर हललं की ह्याच्या सेन्सरला कळतं, दिवा फाडकन पेटतो, डुक्कर घाबरतं. हलायचं थांबलं की थोड्या वेळात विझतो."

"आणि पाव्हणा हलला तर?"

जुल्फिकारने क्षणभर विचार केला. "पेटणार. मशीन भेदभाव करत नाही."

मुरारीने तिन्ही डबे उचलले. जुल्फिकार दुकानाच्या पायरीपर्यंत मागे आला. "अजून एक ऐका! ह्याच्या तोंडावर दुसरा उजेड पाडू नका. ह्याला वाटतं दिवस उजाडला. पेटायचाच नाही मग, कितीही नाचा!"

"दुसरा उजेड असता तर तुमच्याकडं कशाला आलो असतो?" मुरारीने उलट विचारलं आणि तो एसटीकडे पळाला.

---

दुसऱ्या दिवशी सकाळपासून तिन्ही दिवे कौलांवर पापडासारखे वाळत पडले. ऊन झकास होतं. दुपारी साहिलने ते उतरवले. एक अंगणातल्या खांबावर बांधला, एक ओटीवर आणि एक माजघरात. घरातले दोन्ही त्याने जुन्या पिवळ्या बल्बांच्या अगदी गळ्यात गळा घालून टांगले, त्याच वायरीला गुंडाळून. खालून बघितलं तर विजेचेच वाटावेत.

"आता नीट ऐका," साहिलने दोघांना समोर उभं केलं. "पाव्हणे बसणार. बसले की ते हलणार नाय. म्हणजे आपण हलायचं. कोणी ना कोणी सारखं हलत राहिलं पायजे. तिघंही एकदम बसलो की लग्न मोडलं समजा."

"अरे, पण बघायचा कार्यक्रम म्हणजे बसायचाच कार्यक्रम!" मुरारी कळवळला.

"तुम्ही बोलताना हात हलवा. आय, तू चहा आण."

"चहा किती येळ पुरंल?"

"एकेक कप आण."

सेजलचा मामा चांगू घाटात जीप चालवायचा. महाडची शेवटची खेप मारून मगच तो पाहुण्यांना घेऊन येणार होता, त्यामुळे जीप वाडीत शिरली तेव्हा दिवेलागण झाली होती, म्हणजे इतर गावांत. मालोजी, चांगूमामा आणि सेजल अंगणात उतरले आणि खांबावरचा दिवा फाडकन त्यांच्या तोंडावर पेटला. चांगूमामाने दोन्ही हात वर केले.

"ऑटोमॅटिक हाय मामा," साहिल पुढे होऊन बोलला.

"आपोआप पेटली?" मामा हात खाली घेत बोलला. "दाजी, बघा. ह्याला बोलतात लाईट!"

मालोजीच्या चेहऱ्यावर खरोखरचं समाधान पसरलं. त्याच्या हातात एक गच्च भरलेली लाल पिशवी होती. ती त्याने आत येऊन उंबऱ्याजवळ अगदी जपून ठेवली. ठमाबाईने डोळ्यांनीच तिचं वजन केलं. नारळ, पेढे आणि बहुतेक साडी.

सगळे ओटीवरच्या सतरंजीवर बसले. चपला, घराची दिशा आणि रस्त्याची अवस्था यांवर बोलून झालं आणि मग अशा प्रसंगी पडते तशी शांतता पडली. सगळे सभ्यपणे स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत बसले.

दिवा विझला.

"पाणी!" अंधारात मुरारी ओरडला आणि उडी मारून उठला. लख्ख उजेड पडला. "पाणी राहिलं! मी आणतो, मी आणतो!"

"अवो, पाव्हणं, तुम्ही कशाला…"

"नाय नाय, आमच्याकडं असंच असतं!"

त्याने पाणी आणलं. मग तांब्या ठेवायला गेला. मग तांब्याचं झाकण आणायला गेला. तो दमला तेव्हा साहिल उठला आणि त्याने पाहुण्यांच्या देखत ओटी झाडायला घेतली. सेजलने पाय जवळ घेतले आणि ती त्याच्याकडे एकटक बघत राहिली. साहिलला वाटलं, मेलो. त्यात ठमाबाई एक कप चहा घेऊन आली, आत गेली, दुसरा कप घेऊन आली, आत गेली, साखर हवी का विचारून गेली, साखर घेऊन आली, चमचा विसरल्याचं सांगून परत गेली.

"शेती किती म्हणायची?" मालोजीने सुरुवात केली.

"इथनं," मुरारी ओटीच्या ह्या टोकाला गेला, "तिथपर्यंत!" आणि त्या टोकाला जाऊन उभा राहिला. तिथून त्याने दोन्ही हातांनी भात कापून, झोडून, पाखडून दाखवलं.

चांगूमामाने मालोजीच्या कानाशी तोंड नेलं, पण जीप चालवून चालवून त्याचा आवाज कुजबुजीत मावत नसे. "दाजी, ह्या घरात कोणाला बसायचा काय त्रास हाय काय?"

मुरारीने ते ऐकलं. "आमच्या घराण्यात बसायची रीतच नाय!" तो छातीवर हात आपटत बोलला. दिवा कृतज्ञतेने पेटलेला राहिला.

मग मालोजी थोडा पुढे सरकला. इतका वेळ मनात असलेली गोष्ट आता विचारायची, असा त्याचा चेहरा झाला. "पाव्हणं, पहिल्याच भेटीत बरं नाय दिसत. पण विचारतो. पलग कुठं हाय?"

त्याला प्लग म्हणायचं होतं. अख्ख्या घाटात प्लगला पलगच म्हणतात. पण मुरारीचा सगळा जीव हात हलवण्यात गुंतला होता. त्याला पलंग ऐकू आलं.

"पलंग? आतल्या खोलीत हाय."

"एकच?"

"एकच."

मालोजीने चांगूमामाकडे बघितलं. "पंचाईत झाली. आमचे अकरा-बारा हायत."

मुरारीचे हात हवेतच थांबले. साहिलने ताबडतोब उठून डास मारायला सुरुवात केली. "अकरा-बारा?" मुरारी घोगऱ्या आवाजात बोलला. "आता?"

"बरोबर आणलेत. वाडीतल्या लोकांनी गळ्यात घातले. पाव्हण्यांकडं चाललाय तर आमचेपण न्या बोलले. नाय कसं सांगणार?"

मुरारीने मान वाकडी करून अंगणातल्या जीपकडे बघितलं. तिथे काळोख होता. "पण एका पलंगावर अकरा-बारा कसे मावणार?"

"पाळीपाळीनं लावू की. थोडे थोडे झाले की काढायचे, दुसरे लावायचे."

"आणि तसं पण त्याचा एक पाय हालतो."

"पाय हालतो?" मामाने मध्येच विचारलं. "लूज हाय म्हणजे. दोन पायांचा का तीन पायांचा?"

"चार पायांचा!"

"चार पायांचा पलग?" मामा थक्क झाला. "मुंबईहून आणला काय?"

"रातभर राहिले तर लय बरं होईल," मालोजी अजिजीने बोलला. "सकाळपर्यंत सगळे फुल होतील."

आता मात्र मुरारी ताठ झाला. लग्न राहिलं बाजूला, घराला काही इज्जत असते. "माफ करा पाव्हणं. झोपायला नाय बोलणार नाय, सतरंज्या मागून आणू. पण फुल बिल व्हायचं असेल तर आमच्या घरात दारूचा थेंब चालत नाय!"

मालोजीने मामाकडे बघितलं. मामाने मालोजीकडे बघितलं. सेजलने पदर तोंडाला लावला. ह्या सगळ्यातून काहीतरी उलगडणार, एवढ्यात शेजारच्या ठकूबाईच्या घरातून आरोळी उठली, "आली गो, आली!"

आणि मग सगळ्या वाडीतून, "आली! आली!"

वायरमनचा उद्या नेमका आज उगवला होता.

"कोण आली?" मालोजीने विचारलं.

"म्हैस," मुरारी बोलला.

"सगळ्यांची?"

तेवढ्यात डोक्यावरचा पिवळा बल्ब जागा झाला. व्होल्टेज इतकं कमी होतं की बल्बात नुसती एक लालसर तार दिसत होती, चुलीतल्या शेवटच्या निखाऱ्यासारखी. पण ती तार सोलरच्या अगदी डोळ्यांपुढे होती. सोलरला वाटलं, दिवस उजाडला. तो विझला. माजघरातलाही विझला. त्या वाडीच्या इतिहासात पहिल्यांदाच, लाईट आली आणि अंधार झाला.

वरचा पंखा कण्हत कण्हत एक वेढा फिरला. साहिल त्या तांबूस काळोखात दोन्ही हात हलवत वेड्यासारखा उड्या मारत होता, पण जुल्फिकारने सांगितलंच होतं, कितीही नाचा. आणि इतक्या वर्षांची सवय ठमाबाईला आवरली नाही. ती आतून पदर खोचत धावत आली.

"अवो लाईट आली! साहिल्या, पंप लाव! मोबाईल लाव! मिक्सर लाव, जाईल परत!"



"लाईट आली?" मालोजी हळूच बोलला. "मग आतापर्यंत काय होती?"

मुरारीने डोळे मिटले. तिसरी सोयरीक मोडताना ती बघायची त्याची तयारी नव्हती. त्यामुळे पुढे जे झालं ते त्याने नुसतं ऐकलं. धाडधाड पावलं वाजली, काहीतरी भसकन सतरंजीवर ओतलं गेलं, आणि मालोजीचा आवाज आला, "चांगू, पळ! लाव, लाव! आधी सरपंचाचा लाव!"

मुरारीने डोळे उघडले. लाल पिशवी रिकामी झाली होती. सतरंजीवर अकरा-बारा मोबाईल, त्यांचे चार्जर, दोन बॅटऱ्या आणि कोणाचं तरी दाढीचं मशीन पसरलं होतं. मालोजी आणि चांगूमामा स्विचबोर्डाशी झोंबत होते. त्यांच्या मधून ठमाबाई मिक्सरची वायर घुसवत होती.

"अवो विहीणबाई, जरा सरका!"

"तुम्ही सरका! खोबरं वाटायचं हाय!"

"हा बघा पलग! तीन पायांचा हाय दाजी!"

"एकच पलंग हाय बोललो ना मी!" मुरारी ओरडला, आणि बोलता बोलताच त्याच्या डोक्यात उजेड पडला. घरात मात्र पडला नाही. कारण लाईट आली की वाडीत सगळ्यांनी सगळं एकदम लावायचं, ही जुनी रीत होती. पंप, गिरणी, मिक्सर, इस्त्री, सगळं. डीपीकडून एक जोरदार धडाका ऐकू आला. बल्बातली तार काळी पडली. पंखा थांबला.

काळोखात कोणी हललं नाही. मुरारी लाजेने गोठला होता. मालोजी हातात चार्जर घेऊन भिंतीकडे तोंड करून उभा होता. तोही लाजेनेच. कोणी हलत नव्हतं, म्हणून दिवा पेटत नव्हता.

मग सेजलने नुसता हात वर केला. फाडकन उजेड पडला. तिने हात खाली घेतला, वाट बघितली, दिवा विझला. परत हात वर केला. पेटला.

"मी मघापासून बघतेय," ती बोलली. "आपण हललो की पेटतो. ह्यांनी ओटी तीनदा झाडली तेव्हाच कळलं मला."

"पाव्हणं," मुरारीने हात जोडले, "फसवायचं नव्हतं. तुम्ही तीनदा विचारलंत, लाईट हाय ना. आणि रागानं फोन आपटलात."

"राग कसला!" मालोजी वळला. "बॅटरी संपली हो! घाटात आमचा खांबच आडवा झालाय. महिना झाला. तुम्ही चोवीस तास बोललात आणि मी वाडीत सांगून बसलो. मग सगळ्यांनी आपापले आणून दिले. मला वाटलं, तुम्ही बोलाल, सोयरीक करायला आलेत का चार्जिंग करायला."

"मग जीपमध्ये का नाय लावलेत?" साहिलने विचारलं.

"माझ्या जीपला मोबाईल लावला तर जीपला धक्का लावावा लागतो," मामा गंभीरपणे बोलला.

पहिली हसली ती ठमाबाई. मग सगळेच हसायला लागले, आणि हसताना माणसं हलतात, त्यामुळे उजेडही भरपूर पडला. फक्त साहिल हसला नाही. तो हातात केरसुणी घेऊन सेजलकडे बघत होता. "म्हणजे… घर कसं वाटलं?"

"घर पसंत आहे," सेजल बोलली.

"लाईट नसताना?"

"लाईट नाही म्हणूनच. ह्या घरातले पुरुष आपणहून उठून पाणी आणतात, केर काढतात, कप उचलतात. आमच्या घरी लाईट असतानाही बाबा जागचे उठत नाहीत. हा दिवा असाच राहू द्या. आणि एक आमच्या ओटीवर टांगायला हवाय, बाबांच्या डोक्यावर. कुठं मिळतो?"

ठमाबाईने मुरारीकडे बघितलं. लग्नाला तीस वर्षं होत आली, पण असं तिने त्याच्याकडे कधी बघितलं नव्हतं. मुरारीला थंडीतही परत घाम फुटला.

साखरपुड्याची बोलणी तिथेच झाली. तोंड गोड करायला पेढे नव्हते, म्हणून अर्धवट वाटलेलं खोबरं आणि गूळ वाटला. मालोजीने सगळे मोबाईल परत पिशवीत भरले. वाडीत जाऊन काय सांगणार, असं मामाने विचारलं, तर तो बोलला, "सांगू, माणसं चांगली हायत, फक्त पलग कमी हायत."

जीपचा लाल दिवा वळणाआड गेला, तसा मुरारी ओटीवर येऊन सतरंजीवर कोसळला. त्याच्या शेजारी साहिल, त्याच्या शेजारी ठमाबाई.

"आता कोणी हलू नका," मुरारी बोलला. "जमलं रे बाबा. जरा बसूया."

दिवा विझला. तिघंही त्या काळोखात गप्प, सुखात बसून राहिले. एवढ्यात अंगणात फाडकन उजेड पडला.

"पाव्हणे परत आले!" ठमाबाई दचकून बोलली. "उठा!"

मुरारी उठलाच होता. अंगाला सवय लागली होती. एका उडीत त्याने तांब्या उचलला आणि दोन्ही हात पसरून तो अंगणात धावला. "या या! बसा बसा! पाणी आणलंय!"

खांबाखाली, लख्ख उजेडात, एक दणकट रानडुक्कर उभं होतं. त्याने मुरारीकडे बघितलं. मुरारीच्या हातातल्या तांब्याकडे बघितलं. दिव्याला ते अजिबात घाबरलं नाही, पण एवढं आदरातिथ्य त्याच्या वाट्याला कधी आलं नसावं. ते गोंधळलं आणि कुंपण मोडून शेताकडे सुसाट पळालं.

बसलं नाही. त्या घरात बसायची रीतच नाही, हे बहुतेक त्यालाही कळलं होतं.